तयार हात

अरेकिपातला अल्पाकाच्या लोकरीचा कारखाना विकायला काढला होता. नव्या मालकांना यंत्रांसोबत माणसांचीही किंमत कागदावर हवी होती. हिशेबनीस साहेबांनी लोकर निवडणाऱ्या सातुर्निनाला विचारलं, “बाई, तुमच्यासारखा हात तयार व्हायला किती वर्षं लागतात?” खरं उत्तर वीस होतं. पण कच्च्या हातांना घरी पाठवणार, हे तिच्या कानावर होतं, आणि सून हाताखाली दोनच वर्षं शिकलेली. “दोन पुरतात.” “म्हणजे तुमची जागा स्वस्तात भरेल,” म्हणत साहेबांनी लिहिलं. मग सुनेला बोलावलं. योवाना हसली. “माझं काय विचारता साहेब, मी नुसती लोकर कुरवाळते. सासूबाईंसारखी बोटं देव वीस वर्षं राबवल्यावर देतो.” साहेबांनी तेही लिहिलं. दोघी ढिगापाशी परतल्या. सातुर्निनाने झुपका चोळला. तलम की जाड, हे तिच्या थकल्या बोटांना हल्ली कळेनासं झालं होतं. योवानाने तो घेऊन न बघताच तलम ढिगात टाकला.