मसणातलं गाणं

शवपेटी आत आणताना एक गाणं लावतात आणि दहनाआधी तिच्यापुढचा पडदा बंद होताना एक, असं बेव्हर्लीने समजावून सांगितलं. मुलीच्या आवडीचं काही आहे का?

कॉव्हेंट्रीतल्या त्या फ्युनरल पार्लरच्या बाईचा आवाज इतका मऊ होता, की सुहासिनीला तिचा रागच आला. पूर्वी, तिची मुलगी, पलीकडच्या खोलीत शवपेटीत होती. पोलिसांनी तिचा देह आज ताब्यात दिला होता. एकोणीस वर्षांची पोर.

सतीशने घसा खाकरला. एखादं भजन लावू, मराठी मंडळातल्या लोकांनाही बरं वाटेल, असं त्याचं म्हणणं.

"अहो, भजन कधी ऐकलं तिने?" सुहासिनी म्हणाली. "तिचं लावू. तिला आवडायचं तेच."

बेव्हर्लीने पेन उचललं आणि बँडचं नाव विचारलं. ते सुहासिनीला माहीतच नव्हतं.

घरात त्या अमेरिकन गाण्यांना एकच नाव होतं, आणि तेही तिनेच ठेवलेलं. मसणातली गाणी. ते मसणातलं बंद कर आणि जेवायला ये, हे रोजचंच. इथेच जन्मलेल्या पूर्वीचं मराठी बेताचं. मसण म्हणजे काय, असं तिने एकदा विचारलं. क्रिमेटोरियम, असं सुहासिनीने फणकाऱ्याने सांगितलं, तर पोरगी खूश. तेव्हापासून तीही मसणच म्हणायला लागली.

पुढे तिने ओठ काळे रंगवले, मग नखं. अमेरिकेत शाळेत घुसून गोळ्या घालणारी पोरं असलंच काहीबाही ऐकायची, असं पेपरात आलं होतं. सुहासिनीने धसकाच घेतला. आपली पोर उद्या कुणाच्या जिवावर उठली तर? एका सकाळी तिने सगळ्या सीडी काळ्या पिशवीत भरल्या आणि कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकून दिल्या.

"आई, माझा मसण सीडी कुठे गेला?" पूर्वीने संध्याकाळी विचारलं होतं. सीडी गेली म्हणतात, गेला नाही, एवढंच सुहासिनी बोलली.

मग चार चांगल्या मुलांत मिसळावी म्हणून तिनेच पूर्वीला नकुलबरोबर पाठवायला सुरुवात केली. मंडळात तबला वाजवणारा, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा, भेटला की वाकून नमस्कार करणारा नकुल. पूर्वी नको म्हणत होती. सुहासिनीने हट्टाने पाठवली. आता तो तुरुंगात होता. त्याने तिचा गळा कसा आवळला, ते सगळ्या पेपरांनी सविस्तर छापलं. तो तबला वाजवायचा, हे मात्र कुणी छापलं नाही.

नाव आठवत नसेल तर गुणगुणून दाखवा, असं बेव्हर्ली म्हणाली. त्यावरूनही शोधता येतं कधीकधी.

सुहासिनीने तोंड उघडलं. चाल येईना. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं, पण लक्ष देऊन ऐकलं कुठे होतं? डोळे मिटून तिने मनात पूर्वीची खोली आणली, मधली भिंत आणली. मग मूठ वळून ती टेबलावर हळूहळू ठोकायला लागली. धप, धप. धप.

एकदम तिचा हात थांबला. हा तिच्या गाण्यातला ड्रम नव्हता. बंद कर म्हणून आपणच भिंतीवर मारायचो त्या थापा होत्या. एवढंच काय ते तिला पाठ होतं.

बेव्हर्ली मान कलती करून मनापासून ऐकत होती. पुढे कसं आहे, तिने विचारलं.

"पुढे काही नाही," सुहासिनी मराठीतच म्हणाली. "पुढे ती बंद करते."