उजवा पाइप, डावी दाढ

"हा बघा, अजून एक नमुना," असं म्हणत मिस्त्रीने इंजिनाच्या पोटातून हात बाहेर काढला, तेव्हा प्रूफरीडर दाढदुखी विसरून ताडकन उठले.

चाळीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर चुकांवाचून करमेना, म्हणून त्यांनी ही जुनी मोटारबोट घेतली, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. बोट दलालामार्फत आलेली. आधीच्या मालकाचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. पण त्याच्या करामती सकाळपासून एकेक करून उजेडात येत होत्या, आणि प्रूफरीडर त्या लाल पेन्सिलीने वहीत टिपून घेत होते.

डाव्या बाजूचा पाण्याचा पाइप चिरलेला होता. पठ्ठ्याने लिंपला होता उजवा, तोही चांगला धडधाकट असलेला. उजवीकडचा प्लग जळून काळाठिक्कर पडलेला. नवा कोरा प्लग बसवला होता डावीकडे. डावीकडचा एक बोल्ट हाताने फिरत होता. त्याच्या समोरचा उजवीकडचा बोल्ट असा काही आवळलेला, की मिस्त्री पान्याला लोंबकळला आणि शेवटी त्याने बोल्टापुढे हात जोडले. काम मात्र दृष्ट लागण्यासारखं. पाइपवरचं ते पांढरं लिंपण इतकं गुळगुळीत आणि टणक होतं, की छिन्नीसुद्धा त्यावरून घसरली.

"हात सोन्याचा आहे, साहेब," मिस्त्री म्हणाला. "फक्त रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला."

आता त्याच्या हातात एक बारीक पोलादी दांडी होती. तिच्या टोकाला रुपयाएवढा गोल आरसा, जरा तिरका बसवलेला. मिस्त्रीने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अडचणीच्या जागी डोळा पोचत नाही, म्हणून गडी आरशात बघून काम करत होता. आरशात बाजू बदलते, एवढंच बिचारा दर वेळी विसरत होता.

प्रूफरीडर पोट धरधरून हसले. हसता हसता कळ आली आणि त्यांनी गाल धरला. खालची डावी दाढ आठ दिवस ठणकत होती. सगळं जेवण उजव्या बाजूने चाललं होतं, आणि उजवीकडे चावणारी अशी एकच दाढ उरली होती. बायकोने धक्क्याजवळच्याच एका दातांच्या डॉक्टरांकडे चार वाजताची वेळ घेऊन ठेवली होती. निघताना प्रूफरीडरांनी तो आरसा खिशात टाकला. कधी भेटलाच हा महाभाग, तर त्याच्या नाकासमोर धरायचा, असा बेत त्यांनी बायकोला सांगितला.

"अहो, आधी दाढ बघा," ती म्हणाली. "लोकांच्या चुका नाचवायची तुमची ही हौस एक दिवस अंगाशी येईल."

डॉक्टर वयस्कर, गोड बोलणारे होते. त्यांनी बॅटरी लावली, मान वाकडी केली, नाक जवळजवळ प्रूफरीडरांच्या तोंडात घातलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं. मग सुई टोचली. बधिर व्हायला दहा मिनिटं लागतील, निवांत पडून राहा, म्हणाले.

प्रूफरीडर निवांत पडले. जीभ जड झाली. आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीवरच्या फोटोवर गेली. फोटोत त्यांचीच बोट होती. तोच हिरवा पट्टा, नाकाशी तोच पोचा. सुकाणूवर, कप्तानाची टोपी घालून, डॉक्टर.

त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी हळूच उजव्या गालाला चिमटा काढला. चांगलाच झोंबला. मग डाव्या गालाला काढला. काहीच कळलं नाही. बाजू बरोबर होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता गप्प पडून राहिले असते, तर अर्ध्या तासात घरी असते. पण चूक करणारा माणूस समोर उभा, पुरावा खिशात, आणि हा गृहस्थ आपल्याच फोटोखाली हसतोय. चाळीस वर्षांची सवय उसळून आली. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून प्रूफरीडरांनी खिशातून आरसा काढला आणि ठरल्याप्रमाणे डॉक्टरांच्या नाकासमोर धरला.

डॉक्टर ओशाळले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले.

हा आरसा त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिला होता. दुसरा कुठलाच आरसा त्यांच्या हाताला बसत नव्हता. दोन वर्षं घर आणि दवाखाना धुंडाळून झाला होता. बोटीतच राहिला असेल, हे ध्यानातच आलं नाही. तेव्हापासून नुसत्या डोळ्यांनी बघून बघून मान आखडून गेली होती. हे सगळं सांगत त्यांनी तो उकळत्या पाण्यातून काढला, पुसला आणि प्रेमाने प्रूफरीडरांच्या तोंडात घातला. प्रूफरीडर दोन्ही हात हलवून "आं, आं" करत राहिले. डॉक्टरांना वाटलं, आभार नकोत म्हणताहेत.

त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं. मग भुवया उंचावल्या, दिवा उजव्या दाढेवर वळवला आणि नवी सुई भरून घेतली.

"वेळेवर आणून दिलात हो," ते म्हणाले. "नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर मी भलतीच बाजू बधिर करून बसलो होतो."