वह्यांवरची नावं

उद्या शाळा उघडणार आणि मुलांची कसलीच तयारी नाही, या घोरातच वृषाली मोठ्या आजारपणानंतर इस्पितळातून घरी आली. पाहते तर खुंटीवर इस्त्रीचे गणवेश, कव्हरं घातलेल्या वह्या आणि त्यांच्यापाशी कात्री घेऊन बसलेली मोठी जाऊ! वाटण्या झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं.

“वहिनी, तुम्ही केलंत हे सगळं?”

“नावं तेवढी राहिलीत. मी घालत होते, तर तुझी धाकटी म्हणाली, ती आईच घालते.”

वृषालीने पेन घेतलं. हात थरथरत होता, म्हणून जाऊबाईंनी वही घट्ट धरली. पहिलं नाव वाकडंतिकडं उमटलं.

“वहिनी,” दुसरी वही पुढे ओढत वृषाली म्हणाली, “आज जेवूनच जा.”

“जेवते की. स्वयंपाकही मीच केलाय!”