यादीतला उरलेला फोन

ऑकलंडच्या इस्पितळात ओफाला दहा मिनिटांत ऑपरेशनसाठी आत नेणार होते, आणि इकडे टोंगातल्या तिच्या बेटावर, चर्चच्या हॉलमध्ये, तिचा चेहरा पडद्यावर गोठला होता. गावाला इंटरनेटची डिश एकच, अन् जो तो आपापल्या फोनवर तोच कॉल उघडून बसलेला.

"फोन बंद करा सगळे! एका होडीत अख्खं गाव बसलं तर ती बुडणारच," नेटचं काम बघणारा फेलेती ओरडला. कुरकुरत फोन बंद झाले. स्तोत्र गाणारेही गप्प झाले. तरी चेहरा हलेना.

"अजून एका फोनवर हा कॉल चालू आहे," फेलेती यादी बघत म्हणाला. "तो तरी चालेल, नाहीतर आपला पडदा."

"मग तोड ना मेल्याला!" ओफाची आई मेलेनाइते कळवळली. "पोर चालली माझी आत!"

फेलेतीचं बोट नावावर थबकलं. "काकू, विलिसोनीकाकांचा आहे."

लेकीचं तोंड पुन्हा पाहणार नाही, अशी सहा वर्षांपूर्वी शपथ घेतलेला ओफाचा बाप. समोरच्याच घरात दार लावून बसलेला.

मेलेनाइतेनं पडद्यावरच्या लेकीकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"त्यांचा राहू दे," ती म्हणाली. "आपला बंद कर."