वाकवलेलं बोट

तीन महिन्यांपूर्वी चंद्रावरच्या हरितगृहात रोहिणी घाडीने संकरित भोपळ्याच्या बारा बिया लावल्या, तेव्हा मदतीला दिलेल्या यंत्राला काहीच येत नव्हतं. ते दिवसभर तिचे हात बघायचं आणि शिकायचं. नर फुलाचा पराग मादी फुलाला लावायलाही ते असंच शिकलं. तिथे मधमाशी कुठली असणार!

आज पहिली तोडणी होती. पृथ्वीवरून पडद्यावर पाहणीला बसलेले नाबरसाहेब म्हणाले, "तयार फळं दाखवायला सांगा त्याला."

वेलाला ओंजळीत मावतील एवढे केशरी भोपळे लटकले होते. यंत्राने एकेकाच्या सालीवर बोटाचं टोक दाबलं. ते रुतलं नाही, की बोट ताठ करून ते फळ दाखवलं. अगदी रोहिणीसारखं.

"आता कोवळी."

यंत्राचं बोट मधल्या सांध्यात वाकलं. पुढच्या फळापाशीही वाकलेलंच.

"सांधा अडकतोय," साहेब गंभीर झाले. "बिघाड असेल तर याने शिकलेलं सगळं पुसावं लागेल."

"बिघाड नाही, साहेब," रोहिणी ओशाळून म्हणाली. "कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं तर ते कुजतं, असं आमच्याकडे म्हणतात. मी मुद्दाम नाही हो शिकवलं. त्याने माझं बघितलं."

चष्मा सावरत साहेब पडद्याजवळ सरकले.

"आणि तो पानाआडचा इवलासा, तो कधी धरला?" असं विचारत त्यांनी बोट उचललं, आणि चटकन वाकवलं.