जुळलेल्या रेषा

कंट्रोल रूममध्ये साहेबांनी ऑपरेटरची पाठ थोपटली. “आठवडाभर एकही खोटा अलार्म नाही. शांत झोपतोय मी!” पडद्यावर दोन रेषा होत्या. निळी पेट्रोलच्या पाइपलाइनमधला खरा दाब दाखवायची, पिवळी कॉम्प्युटरच्या हिशेबाने असायला हवा तो. दोघींत जरा फट पडली की भोंगा डोकं उठवायचा. वैतागून ऑपरेटरने कॉम्प्युटरला शिकवलं, पडेल ती फट नेहमीचीच समज आणि हिशेबात धर. तेव्हापासून रेषा जुळ्या बहिणींसारख्या बिलगून चालल्या होत्या. तेवढ्यात ऑपरेटरला आईचा फोन आला. तिचं घर पाइपलाइनलगतच. “अरे, मोरीतून पेट्रोलचा वास येतोय. चार दिवस झाले, आज तर गरगरतंय. तुमचं काही सांडलंय का?” त्याने पडद्याकडे पाहिलं. रेषा बिलगलेल्याच, भोंगा मुका. नेहमीची म्हणून झाकलेली ती फट गळतीचीच होती. “आई, काही पेटवू नकोस!” “आता काय पेटवायचं? गॅसवर दूध केव्हाचं उकळतंय.”