तिसरा पुकारा

"शाळेचा नकाशाच आलेला नाही, तर मत कशावर घ्यायचं? पुढच्या महिन्यात बघू," सभेचा अध्यक्ष योनास म्हणाला. तंबाखूची चिमूट ओठाखाली सारून तो खिडकीबाहेर बघू लागला.

नकाशा त्याच्याच कोटाच्या खिशात होता. चर्चमागच्या खोलीत गावसभेला बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते ठाऊक होतं. दाराजवळच्या बाकावर बसलेल्या गुस्ताव्हालाही.

"घाई कसली, गुस्ताव्हाबाई? तुमच्याकडे तर लग्नघर," योनास तिला म्हणाला.

*इतिवृत्त, मे १८६४. जंगलाकडच्या वस्तीवर शाळा बांधण्याचा विषय पुढे ढकलण्यात आला. उपस्थित: शेतकरी अकरा, मते एकोणचाळीस. विधवा एक, मते एक्केचाळीस.*

मतं जमिनीवर मोजली जात. नवरा गेल्यावर दोन शेतं आणि गिरणी गुस्ताव्हाची झाली, आणि त्यांच्याबरोबर मतंही. विधवेला मत होतं. बायकोला नव्हतं. लग्न लागलं की एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मतं नव्या नवऱ्याची.

आणि गुस्ताव्हाच्या लग्नाचा पुकारा, म्हणजे कुणाची हरकत आहे का ते विचारणारी घोषणा, चर्चमध्ये दोन रविवार झाला होता. तिसरा झाला की वाट मोकळी.

नवरा होणार होता अलगोट सुतार. जमीन नाही, मत नाही, आणि कुणाला नाही म्हणायची सवय नाही.

शनिवारी संध्याकाळी तो तिच्या स्वयंपाकघरात आला. ती लग्नाची बिअर गाळत होती. तो उभाच राहिला.

"उद्याचा पुकारा नको."

गुस्ताव्हानं भांडं खाली ठेवलं. चव्वेचाळीस वर्षांची होती ती.

"कोणी तरुण भेटली का?"

"योनास भेटला."

"तो काही तरुण नाही."

अलगोट हसला नाही. "घंटाघराच्या दुरुस्तीचं काम देतो म्हणाला. मग म्हणाला, मतं तुझ्याकडे आली की शाळेच्या बाजूनं हात वर करायचा नाही. मी हो म्हटलं."

"हो म्हटलंस?"

"दोनदा. सभेतही म्हणेन. तुला माहीत आहे मी कसा आहे ते. चारचौघांत कुणी माझ्याकडे रोखून बघितलं की तोंडातून दुसरं काही येतच नाही." त्यानं जंगलाच्या दिशेनं हात केला. "तिकडची सतरा पोरं बर्फातून दोन-दोन तास चालतात, गुस्ताव्हा. शाळा होऊ दे आधी. मग आपण."

तिला तो आवडायचा त्याला कारणं होती, त्यात आज एकाची भर पडली.

"आणि ही एवढी बिअर?"

"बिअरला मी कधी नाही म्हटलंय?"

*इतिवृत्त, जून १८६४. नकाशा मिळाला. शाळा. बाजूने एक्केचाळीस, विरोधात एकोणचाळीस. मंजूर.*

शाळेची बाकं अलगोटनं केली. ती झाल्यावर पुकारा करायचा होता, पण शाळेला मास्तर हवा होता. मास्तर आला तेव्हा जंगलाकडे सुईण नाही ही गोष्ट निघाली. मग गावानं निराधार गरिबांसाठी ठेवलेल्या घरातली चूल. दर वेळी दोघांपैकी एकजण म्हणे, एवढं होऊन जाऊ दे. दुसरा कधी वाद घालत नसे.

अलगोट रोज संध्याकाळी ओढा ओलांडून कॉफीला येई आणि उजेड असतानाच परत जाई. हिवाळ्यात उजेड नसे, तर कंदील घेऊन, सगळ्यांना दिसेल असा. गावानं आधी नाकं मुरडली. मग चेष्टा केली. मग सवय करून घेतली.

सवय शेतकऱ्यांनाही झाली. गुस्ताव्हाकडे जावं, काम सांगावं, कॉफी प्यावी. हो असलं तर त्याच दिवशी हो. नाही असलं तर कॉफी संपायच्या आत नाही.

अशी नऊ वर्षं.

ऑक्टोबरच्या सभेत सगळे विषय संपले तेव्हा गुस्ताव्हा उठली.

"पुढच्या रविवारपासून आमचा पुकारा. पाद्रीबुवा म्हणतात, मागचे दोन धरता येणार नाहीत, तिन्ही नव्यानं. होईल तसं. अलगोटच्या गुडघ्यांना आता ओढ्याचं थंड पाणी सोसत नाही."

योनासच्या कुरणाकडे जाणाऱ्या पुलाचा विषय पुढच्या सभेत यायचा होता. एकाची विहीर होती. एकाचं कुंपण. तिनं प्रत्येकाला आधीच हो म्हटलेलं.

"म्हणजे मतं अलगोटची?" कुणीतरी विचारलं.

"कायदा तोच आहे."

"मग काय चिंता," योनास म्हणाला. "तो मला हो म्हणेल."

"मलाही म्हणेल," त्याच्या शेजारचा व्हालफ्रीड म्हणाला. त्या पुलाचा रस्ता व्हालफ्रीडच्या ओटच्या शेतातून जाणार होता. "आणि मी तुझ्यानंतर जाईन त्याच्याकडे."

"मी व्हालफ्रीडनंतर जाईन," मागून आवाज आला.

अकराजण एकमेकांकडे बघू लागले. सुताराच्या दाराशी शेवटचं कोण पोचणार, याचा हिशोब प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता.

शेवटी योनास उभा राहिला. टोपी त्यानं हातात घेतली होती. सभेत तो असा कधी उभा राहत नसे.

"गुस्ताव्हाबाई, आमची मागणी अशी, की थोडं थांबा. हो की नाही ते माणसाला आधीच कळतं, असं कुणीतरी मतं धरून बसलेलं बरं. नऊ वर्षं थांबलात, त्यात आणखी दोन-तीन."

"ही मागणी आहे की ठराव?"

योनासनं सगळ्यांकडे बघितलं. "ठराव."

"मग मत घ्या," गुस्ताव्हा म्हणाली आणि बाकावर बसली.

अकराही हात एकदम वर गेले. व्हालफ्रीडनं तर दोन्ही वर केले; एक खाली घ्यायला लावला.

*इतिवृत्त, ऑक्टोबर १८७३. विधवा गुस्ताव्हा यांनी लग्न पुढे ढकलावे. बाजूने एकोणचाळीस. विरोधात एक्केचाळीस. नामंजूर.*